दहाच्या जागी शंभर

जाफराबाद, ७ एप्रिल

चिरंजीव कल्याण,

चिरंजीव लिहायची रीत हाये म्हणून लिहायला लावलं. आशीर्वाद आत्ता देत न्हाई. तुझं वागणं बघून पुढच्या टपालानं पाठवीन, किंवा ठेवून घेईन.

फोनच करणार होते. पण माघापासून तू माझा फोन उचलत न्हाईस, आणि आवाज भरून पाठवला तर म्हणे तो दुप्पट चालीनं ऐकतोस. तुझ्या बदनापूरच्या कारखान्यातला भागवत सांगत होता. सख्ख्या आजीचा आवाज चिमणीसारखा करून ऐकणाऱ्या नातवाला कागदच बरा. पोस्टातली प्रियदर्शनी म्हणली, स्पीड पोस्टाला सही द्यावी लागती. म्हंजे सहीपुरती तरी तुझी मान खाली जाईल.

पत्र साजिया लिहून राह्यली. होय, तीच. ऐन ईदच्या आठवड्यात जिला तू फोनवरून कामावरून काढलंस. लाज वाटली का? वाटली नसंल. तुझ्या आजोबाची कर्ण्याची मशीनं बनवणाऱ्या सिराजोद्दीन मिस्त्रीची ती नात. आजोबा आणि मिस्त्री, दोघांनी मिळून हे दुकान चालवलं, आणि तू डब्यावर फोटो छापलास एकट्या आजोबाचा. 'रामकिसन साउंड.' मिस्त्रीचं नाव न्हाई. माझा तर सवालच न्हाई. पेपरवाल्याला तू सांगितलंस, 'आजी निरक्षर हाये, नुसती सोल्डर मारायची.' प्रियदर्शनीनं पेपर वाचून दाखवला. फोटोत तू पोट आत ओढून उभा होतास.

अक्षर येत न्हाई, खरं हाये. रंग येतात. करंट अडवणारी ती बारकी रजिस्टन्स, तिच्यावर पट्टे असतात ते मिस्त्रीनं मला शिकवले, तवा तुझा बाप रांगत होता. काळा म्हंजे काही न्हाई, तपकिरी एक, लाल दोन, नारंगी तीन. तपकिरी-काळा-काळा, दहा. तपकिरी-काळा-तपकिरी, शंभर. एका पट्ट्याचा फरक. तू म्हणतोस साजियाचा तोच पट्टा चुकला. पाच मशीनं जळाली, उघडून बघितली तर आत दहाच्या जागी शंभर. आणि बोर्ड भरते कोण? साजिया. कुठं? आपल्या पुढच्या खोलीत, आजोबाच्याच टेबलावर. मंग चूक कुणाची? साजियाची. झाला तुझा निवाडा. एसटीनं पार्सल पाठवतात तसा पाठवून दिलास.

टेंभुर्णीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात मशीन मुकं झालं. भटजी नुसते तोंड उघडून मिटून राह्यले. अर्ध्या मांडवानं अक्षता आधी टाकल्या, अर्ध्यानं टाकल्याच न्हाईत. नवरदेवाची मावशी म्हणली हा अपशकुन. मी म्हणलं बाई, हा अपशकुन न्हाई, हा माझा नातू.

आता तुला मशीन शिकवते. तुला येतं. पण तुला वाटतं मला येत न्हाई, म्हणून ऐक. आजोबाच्या ॲम्प्लिफायरमधला ट्रांझिस्टर म्हंजे अर्धा उघडलेला नळ. दिवसभर अर्धाच. म्हणून तो तापायचा, म्हणून मशीनच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, म्हणून उचलायला दोन माणसं. तुझ्या मशीनमधला ट्रांझिस्टर नळ न्हाई, बटण हाये. पुरा चालू न्हाईतर पुरा बंद, सेकंदाला लाखो वेळा. म्हणून थंड, म्हणून हलकं, म्हणून बॅटरीवर दिवसभर चालतं. त्याच्या तोंडाशी एक रजिस्टन्स असती, गेटची. ती जितकी कमी, तितकं बटण झटकन पडतं. तू दहाची ठेवलीस. तुझं सगळंच झटकन.

विहिरीच्या मोटारीचा वॉल्व एकदम बंद केला की पाइप दणका देतो, तसा तुझा ट्रांझिस्टर सेकंदाला लाखो दणके देतो. साजिया बोर्ड तपासायला लावती तवा माझ्या रेडिओत गांधीलमाश्यांचं मोहोळ उठतं. बातम्या सांगणारी बाई त्यात बुडून मरती. हे मी तुला माघात सांगितलं, आपण शेवटचं बोललो तवा. तू हसलास. 'आजी, रेडिओ आता कोण ऐकतं?'

मी ऐकते. आणि तुझ्या आजोबाच्या दुकानातून घोंघावणारं मशीन कधी उंबरा ओलांडून गेलं न्हाई. माईक बंद ठेवायचा, कर्ण्याला कान लावायचा, आत शुकशुकाट पाहिजे. न्हाईतर परत टेबलावर. असं दुकान होतं. तू त्याचा फोटो डब्याला चिकटवलास आणि डब्यात माश्या भरल्यास.

तर मुद्दा असा. मशीन जळलं ते तुझं डिझाईन नासकं म्हणून. शंभरची आत कुठून आली, ते मला काय ठाऊक. बदनापूरला डब्यात भरताना तुझ्या पोरांनी काय काय उद्योग केले असतील. (इथं साजिया म्हणली, 'आजी, भागवतभाऊ वैसा नै करते.' मी म्हणलं, तू लिही.)

जालन्यात दोन दुकानांत तिनं काम विचारलं. दोन्हीकडं तिच्या आधी बातमी पोचल्ती, हिच्या हातचं जळतं म्हणून. पोरीचं आयटीआय, चार वर्षांचं काम, सगळं एका पट्ट्याखाली गेलं. बापाची कंबर गेल्यापासून घर तिच्यावर हाये, हे तुला ठाऊक हाये. तिला परत घे. आणि चूक तिची न्हाई, असं त्या दोन दुकानदारांना तुझ्या तोंडानं सांग. नुसतं कामावर घेऊन भागणार न्हाई, नाव परत पाहिजे.

तुझ्या डब्यावर फोटो असलेल्या माणसाची बायको,
दुर्गाबाई


जाफराबाद, १६ एप्रिल

कल्याण,

सही केलीस. प्रियदर्शनीनं कॉम्प्युटरवर दाखवलं. उत्तर न्हाई. सही छान करतोस म्हणे, लांबलचक, खाली रेघ ओढून. एवढ्या शाईत 'आजी, कशी हायेस' बसलं असतं.

साजिया तिसऱ्या दिवशी म्हणली, 'आजी, चिट्ठ्या लिहून काय होतंय? बोर्ड बघू.' मी म्हणलं, काय बघायचं, नातू नासका हाये, झालं. ती ऐकंना. एक बोर्ड तिच्याकडं खराब म्हणून पडल्ता, तो तिनं नीट केला. दोन ट्रांझिस्टरच्या गेटच्या दोन्ही रजिस्टन्स काढल्या आणि शंभरच्या लावल्या. मला म्हणती, 'देखते तो सही, शंभरनं काय होतंय.' मी म्हणलं, काय होणार न्हाई.

कर्णा जोडला तर गल्ली उठंल, म्हणून त्याच्या जागी हीटरची तार जोडून पाण्याच्या बादलीत सोडली, म्हंजे जोर तेवढाच आणि आवाज न्हाई. मशीन पुऱ्या जोरात. रेडिओ लावला. अगदी स्वच्छ, कल्याण. बाई बातम्या सांगून राह्यली, एक माशी न्हाई. मी म्हणलं, बघ. शंभरचंच बराबर हाये. ट्रांझिस्टरला अंगठा लावला, गरम लागला, पण गरम तर लागतोच. पंधरा मिनिटं झाली. मी चहा टाकला.

साजिया म्हणली, 'आजी, लग्नात झाकण बंद होतं. उन्हात होतं. दो घंटे.' तिनं डब्याला झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि उचलून अंगणात ठेवलं. एप्रिलचं ऊन, तुला ठाऊक हाये, की तिकडं बदनापूरला एसीत विसरलास? पाऊण तास झाला नसंल. जळका वास आला. त्या वासाची मला ओळख पटायला नाक लागत न्हाई.

मंग तिनं मला समजावलं. मास्तरणीसारखं न्हाई हां, जवळ बसून. बटण हळू पडलं की ते मधल्या मधी अर्धं उघडं राहतं, आणि तेवढ्या वेळापुरतं ते आजोबाचा नळ होतं. एका वेळी कणभर तापतं, पण सेकंदाला लाखो वेळा. आजोबाच्या मशीनला पाकळ्या होत्या, तुझ्याला बोटाएवढी पट्टी. उष्णता जाणार कुठं? म्हंजे दहा ठेवली तर थंड राहतं आणि माश्या उठतात. शंभर ठेवली तर माश्या मरतात आणि मशीनही मरतं.

मी रेडिओ बंद केला, परत लावला, परत बंद केला. ती म्हणली, 'आजी, तबीयत बराबर है ना?' मी म्हणलं ऊन लागलं.

पुढचे चार दिवस आम्ही हेच करून राह्यलो. बावीसची लावून बघितली, सत्तेचाळीसची लावून बघितली. एका हाताचा अंगठा ट्रांझिस्टरला, दुसरा हात रेडिओच्या कानाला. शेवटी तेहतीसवर बसलो, नारंगी-नारंगी-काळा. आणि त्याला साजियानं एक डोकं लढवलं. रजिस्टन्सच्या बाजूला करंट एकाच दिशेनं सोडणारं बारकं डायोड असं लावलं की बटण उघडताना करंट रजिस्टन्समधून सबुरीनं यावा, आणि बंद होताना डायोडमधून जल्दी पळून जावा. उघडताना हळू, मिटताना झटकन. उन्हात झाकण बंद, तीन तास. जळलं न्हाई. रेडिओ दोन हातांवर ठेवला तर बाईच्या मागं कुठंतरी एखादी माशी, बस. मी म्हणलं, ती पण मारून टाक. साजिया म्हणली, 'नै मरती आजी. ती मारली तर डबा तापतो. दोन्ही थोडं थोडं सोसायचं.'

हे तुझ्या इंजिनिअर डोक्यात आलं न्हाई, तिच्या आलं. आणि तिला तू घरी बसवलंस. तुझ्या जागी मी असते तर भिंतीकडं तोंड करून बसले असते.

बोर्ड सोबत पाठवून राह्यले. कागदात गुंडाळला हाये, नीट उघड. दहाचं कारण मला कळलं. कळलं म्हणलं, पटलं न्हाई म्हणलं. साजियाला कधी घेतोस ते कळव.

दुर्गाबाई


जाफराबाद, २५ एप्रिल

कल्याण,

अक्षर वेगळं दिसंल. आज जुम्मा, साजिया घरी. मी काठी टेकत पोस्टात आले आणि प्रियदर्शनीच्या खिडकीशी स्टुलावर बसले. तिनं शपथ घेतलीय की यातलं कुणाला सांगणार न्हाई. पोस्टातल्या बाईची शपथ संध्याकाळपर्यंत तरी टिकावी. हे पण लिही गं. लिहून राह्यली, हसून राह्यली.

आता हसायची न्हाई.

ते शंभरचे मी लावले.

प्रियदर्शनीनं माझ्याकडं बघितलं. तिला रजिस्टन्स म्हंजे काय ठाऊक न्हाई, पण तोंड बघून कळलं तिला. बरं. रोज्याचे दिवस होते. साजिया चारला घरी जायची, इफ्तारचं बघायला. टेबलावर तिचे भरलेले बोर्ड मांडलेले असायचे, सकाळी पार्सल जायचं. मी दोन दिवसांत पाच बोर्ड बदलले. दहाच्या काढल्या, शंभरच्या लावल्या. हात थरथरतो, पण सोल्डर गन हातात आली की थांबतो. तुला पटणार न्हाई.

का लावल्या? तू हसलास म्हणून. एवढं एक कारण पुरे होतं, पण दुसरं पण सांगते. त्या डब्यावर तुझ्या आजोबाचा फोटो आणि आतून गांधीलमाश्या, हे मला सहन होईना. माझ्या हातातून निदान पाच तरी नीट जाऊ दे, म्हणलं. रेडिओ लावून एक एक तपासलं. शुकशुकाट. मी मनात म्हणलं, घे कल्याण, निरक्षर बाईकडून शीक.

जरा तापले होते. तापू दे म्हणलं. साठ वर्षं आमची मशीनं तापली, हिवाळ्यात मिस्त्री त्यावर हात शेकायचा. थंड मशीन बघून मला वाटायचं, हे काम करून राह्यलं का झोपलंय? जे मशीन थंड राहायलाच जन्माला आलंय, त्याला मी आजोबाचं मशीन समजले. अशी मूर्ख चूक तुझ्या कॉलेजातल्या पोरांना करताच येणार न्हाई. त्यासाठी साठ वर्षं अनुभव लागतो.

पहिलं मशीन जळाल्याचं कळलं तवा मी म्हणलं, योगायोग. पाचवं जळलं तवा म्हणलं, नातवाचं डिझाईन. तू साजियाला काढलंस तवा पण मला वाटत होतं की जळायचं कारण तूच हायेस, माझी रजिस्टन्स न्हाई. म्हणून पहिलं पत्र मी छाती काढून सांगितलं, आणि तुझ्या पोरांवर ढकलायला कमी केलं न्हाई. मंग अंगणात तो वास आला. त्यानंतर मला कशाचाच योगायोग म्हणता आला न्हाई.

त्याला आता दोन आठवडे होत आले. रोज साजिया येती, माझ्या शेजारी बसती, आणि शंभरची आत गेली कशी याचा विचार करती. परवा म्हणली, 'आजी, मला वाटायला लागलंय माझ्याच हातून झालं असंल. रोज्यात ध्यान नसंल.' मी पानदान शोधायला उठले. पान मी दहा वर्षांपासून खात न्हाई.

तिला सांगणं मला जमत न्हाई. कशी सांगू? माझं पत्रसुद्धा तिच्याच हातानं लिहिलं जातं. म्हणून तुला सांगून राह्यले, आणि तुला सांगणं म्हंजे काय ते तुला कळणार न्हाई. तुझ्याएवढ्या गर्विष्ठ माणसापुढं गुन्हा कबूल करण्यापरीस मी पाटाच्या पाण्यात उभी राहीन.

तर ऐक. तिला परत घे. दुकानदारांना सांग की माल चुकीचा आल्ता, पाकिटात शंभरच्या निघाल्या. काहीही सांग. माझं नाव मात्र तिच्यापुढं काढू नको. एवढं केलंस तर फोटोवरून बोलणार न्हाई. पोटावरून पण न्हाई.

दुर्गाबाई


जाफराबाद, ६ मे

कल्याण,

तुझा फोन आला. माघानंतर पहिल्यांदा. मला वाटलं, आता शिव्या देशील. मी तयार होऊन खुर्चीत बसले. आणि तू हसलास.

'आजी, मला कळतं गं. तिला वाचवायचंय तुला. पण खोटं बोलायचं तर जमंल असं तरी बोल. या वयात तू बोर्डावरची रजिस्टन्स काढून दुसरी बसवलीस होय? पाच बोर्डांवर? तुला चष्म्यातून भाकरी दिसत न्हाई.'

मी म्हणलं, मी बसवल्या. तू म्हणलास, 'बरं बरं.' लहान लेकराला म्हणतात तसं. मंग म्हणलास, 'तुझ्या शब्दाखातर घेतो तिला. पण चार ओळी लिहून दे म्हणावं, चूक झाली, परत होणार न्हाई. कारखान्यात शिस्त लागती.'

मी खरं बोलले आणि तू मला माफ केलंस, न बोललेल्या खोट्याबद्दल. असा अपमान माझा तुझ्या आजोबाच्या आईनं पण केला न्हाई, आणि ती बाई रोज करायची.

आज सकाळी साजिया आली, हातात कागद. तुझ्या भागवतनं तिला परस्पर निरोप दिल्ता. तिनं माफीनामा लिहून आणल्ता, सुंदर अक्षरात. मला वाचून दाखवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' असा शब्द हाये त्यात. म्हणली, 'आजी, तुमचा अंगठा साक्षीला लागतो का, भागवतभाऊला विचारते.' पोरगी न केलेल्या गोष्टीवर सही करून बसली होती.

मी कागद घेतला, उलटा केला, तिच्यापुढं ठेवला. म्हणलं, पाठकोरा हाये, लिही. कुणाला? कल्याणला. आणि हे तिला सांगून राह्यले, तू नुसता लिफाफा फोडणारा हायेस.

लिही. गेटच्या शंभरच्या मी लावल्या. दुर्गाबाईनं. रोज्याच्या दिवसांत, साजिया घरी गेल्यावर, दोन दिवसांत, पाच बोर्डांवर. तिच्या हातानं एकही चूक झालेली न्हाई.

ती थांबली. मी म्हणलं, लिही. ती म्हणली, 'किसने लगाए?' मी म्हणलं, आत्ता लिहिलंस तेच.

लेखणी ठेवून ती उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी खुर्चीतच. रेडिओ चालू होता, बंद करायला उठायचं सुचलं न्हाई. लई वेळानं आत आली. डोळे कोरडे. म्हणली, 'एक महिना मेरे हाथ से चिट्ठियां लिखवाईं, आजी. मेरेच हाथ से. भागवतभाऊपे डाले, डिझाईनपे डाले, वो भी मैंनेच लिखा.'

मी म्हणलं, हे पण लिही.

लिहिलं तिनं. आता पुढचं तुझ्यासाठी. तुला वाटतं मी म्हातारी खोटं बोलून राह्यले. बरं, माझा शब्द सोड, बोर्ड उलटे करून बघ. जळके पाच तू ठेवले असशील, तुझी शिस्त हाये. आमची मशीनं टेम्पोत हादरत गावोगाव जायची, नुसत्या सोल्डरवर धरलेला तारेचा पाय सुटायचा. म्हणून आम्ही रजिस्टन्सचा पाय आधी आकड्यासारखा वळवायचो आणि मंग सोल्डर मारायचो. साजियाला मी हे शिकवलं न्हाई, तुमच्या बोर्डाला लागत न्हाई. ती पाय सरळ ठेवती आणि कापती. माझा हात मात्र वळवल्याशिवाय राहत न्हाई. गेटच्या दोन्ही रजिस्टन्सचे पाय बघ. वळलेले हायेत, आणि वळलेत ते उलट्या बाजूला, कारण मी डावखुरी हाये. बाकी सगळ्या बोर्डावर असा एक पाय सापडला तर मला सांग. न्हाई सापडणार. भिंग घेऊन बस. चष्म्यातून भाकरी न दिसणाऱ्या बाईचं काम हाये, भिंग लागंल.

बघून झालं की त्या दोन दुकानदारांना फोन कर, आणि या वेळी माझं नाव घेऊन सांग. पाकिटाची गोष्ट मी सांगितल्ती, ती विसर. 'माझ्या आजीनं केलं' असं म्हण. तुला म्हणायला जड जाईल, कारण मंग सांगावं लागंल की निरक्षर बाईला मशीन उघडता येतं. दोन्ही एकदम कबूल करावं लागंल. कर.

माफीनामा मागं हाये, तो तू मागितला होतास, मिळाला. त्यावर साजियानं आडवी रेघ ओढलीय. मी सांगितलं न्हाई, तिनंच ओढली.

मी तिला विचारलं, पुढं काय लिहू, कामावर कधी येशील म्हणून लिहू? ती म्हणली, 'वो मैं खुद बोलूंगी उनसे. आप मेरे तरफ से नक्को बोलो अब.' तर मी तिच्या वतीनं काही मागत न्हाई. ती बोलंल तवा ऐक. नेहमीच्या चालीनं ऐक.

पत्र झालं की ती दर वेळी मला वाचून दाखवती, आणि मी चुका काढते. साठ वर्षांत दुसऱ्याचं काम न तपासता मी पुढं जाऊ दिलं न्हाई. आज म्हणलं, वाच. ती म्हणली, 'नै.' मी म्हणलं, बाई, मला अक्षर येत न्हाई, तू काय लिहिलंस ते मला कसं कळणार? ती म्हणली, 'नै कळणार.'

पोस्टात प्रियदर्शनीकडून वाचून घेता येईल. घेणार न्हाई. या कागदावर काय लिहिलंय ते मला ठाऊक न्हाई, कल्याण. तसाच अंगठा देऊन पाठवून राह्यले.

दुर्गाबाई